झाडावरचा मोगरा

फोन आला तेव्हा मी पूजेला बसायच्या तयारीत होते. परडीत जास्वंदी, तगर, आणि शेजारच्यांच्या कुंपणावरून माझ्या अंगणात डोकावणारी थोडी कण्हेर… "आत्या, आई गेली," माझा भाचा म्हणाला. शालन, माझी भावजय. माझ्या धाकट्या भावाची, मधूची बायको. ती जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तिला तर आमच्याही आधी. तरी बातमी ती बातमीच. पण खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी चप्पल शोधायला लागले. फाल्गुन सरत आला होता. जोह्याला, माझ्या माहेरी, तिच्या बागेत मोगरा कळ्यांनी भरलेला असणार, अनंत फुलायला लागलेला, सोनचाफ्याचा वास रस्त्यापर्यंत येत असणार. आणि घरात सवाष्ण बाई गेलेली. आता आळीतल्या बायका सुपं घेऊन बागेत शिरणार, तिची वेणी माळायला, तिच्या अंगावर फुलं घालायला. त्यांच्या आधी मला तिथे पोचायचं होतं.

नाक्यावर गाडी ठरवली. ड्रायव्हर भला माणूस. "आजी, मयताला चाललाय ना, सावकाश नेतो," म्हणाला. म्हटलं, "सावकाश नको रे बाबा, उडव!" नागोठण्यापर्यंत बरं चाललं, पण वडखळच्या नाक्यावर कंटेनरची ही रांग! एरवी तिथे उतरून चहा घ्यायची माझी सवय. त्या दिवशी मी नुसती काचेतून बघत बसले, आणि मनात तिकडे एकेक फूल तुटताना दिसत होतं.

कारण शालनच्या बागेतलं लागलेलं फूल तोडायचं नाही, असा नियम होता. कुणीच नाही. देवासाठी नाही, डोक्यात माळायला नाही, लग्नाला नाही, बारशाला नाही. माहेरी आमचा गणपतीचा कारखाना. वर्षभर घरात गजाननाच्या मूर्ती उभ्या, आणि त्या घरात गणपतीला जास्वंदीचं फूल मिळायचं नाही! दारात झाड लाल होऊन गेलेलं आणि देवासाठी फुलं पेणच्या बाजारातून यायची. सांगा, पटण्यासारखं आहे का? मला कधी पटलं नाही. मी रोज परडीभर फुलं तोडल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी बाई. आजही पटत नाही. तरी मी त्या ड्रायव्हरच्या मागे लागले होते.

मागे लागले होते, कारण तिने मला काम सांगितलं होतं. माघात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर होती. पोटाच्या दुखण्याने बाई निम्मी झाली होती, पण आवाज तोच. "वन्स, तुमच्याकडं एक काम आहे," म्हणाली. "मी बहुतेक मोगऱ्याच्या दिवसांतच जाणार. मी गेले की लोक बागेत शिरतील. प्रेमानंच शिरतील, पण शिरतील. तुम्ही आडव्या या." मी म्हटलं, "अगं, मला सांगतेस? मी तर पहिली फूलचोर!" तशी ती हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी हसली. "म्हणूनच सांगते. ह्यांना जमायचं नाही, हे रडत बसतील. पोराचं कुणी ऐकणार नाही. तुम्ही भांडखोर आहात." आयुष्यात माझ्या भांडखोरपणाचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. तिने वचनबिचन काही मागितलं नाही. मी येईन आणि भांडेन हे ती धरूनच चालली होती.

ही मुलगी या घरात आणली मीच. माझं सासर रोह्याचं. आमचे हे धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात, आणि मी दुपारची एकटी. आमच्या गल्लीच्या टोकाला शालनची आई राहायची. ती बाजारात गजरे घेऊन बसे. कळ्या शालनने तोडायच्या, शालनने ओवायच्या. ती दोरा असा फिरवायची की बघत राहावं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, नजर भलतीकडेच, तोंडाची टकळी चालू, आणि गजरा आपोआप लांबत जाई. मी म्हटलं, हा हात कारखान्यात हवा. जोह्याला मूर्तींच्या रंगकामाला असाच हात लागतो. शिवाय, हे आता लिहायला हरकत नाही, मनात होतं की माहेरी गेल्यावर गजऱ्याला तोटा नाही! माझ्या आईला तसंच सांगून मी लग्न जुळवलं. पुढे आईने मला कितीतरी वेळा ऐकवलं, "तू आणलंस गो हे ध्यान! गजरे करणारी म्हणून आणलीस, आन् एक फूल तोडूक देत नाय."

कारखान्याच्या मागे तेव्हा नुसता उकिरडा होता. फुटलेले साचे, वाळून दगड झालेलं प्लास्टर, मोडके सोंडेचे तुकडे, कुठे एखादा हात आशीर्वाद देत आडवा पडलेला. शालनने आल्या वर्षीच पदर खोचला आणि ती जागा साफ केली. मधूला बायकोचं भारी कौतुक. तिला बाग करायची आहे म्हटल्यावर त्याने काय करावं? मूर्तींची उरलेली शाडूची माती आणून सगळे वाफे भरून टाकले! ती बिचारी माहेरी आलेली, तिला न सांगता. परत आली तर वाफे कसे गुळगुळीत, हाताने सारवल्यासारखे. "माझ्या मातीत गणपती उभा ऱ्हातो, तुझा मोगरा नाय ऱ्हायचा?" असं छाती पुढे काढून म्हणाला. गणपती करणाऱ्यांना सगळ्या दुखण्यावर शाडूच सुचणार, त्याला काय करायचं? तिने रोपं लावली. पाणी घातलं की ते वरच तळं होऊन बसायचं, आणि ऊन तापलं तशी ती माती अशी आवळली की मोगऱ्याची रोपं मुळासकट गळा दाबल्यासारखी मेली. मधू तोंड लपवून फिरत होता. शालनने पहार घेतली आणि वाफे फोडायला बसली. ढेकळं फोडून फोडून हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद लावली आणि पुन्हा पहार. मग रोह्याला आली की परत जाताना पिशवीत कुंडलिकेच्या काठची माती. एसटीत कंडक्टर विचारायचा, "काय वहिनी, सामान काय?" ही म्हणायची, "माती." "माती? रोह्यात सोनं निघतं काय?" "निघंल," म्हणायची, "दोन वर्षं थांबा." पेणला गाडी बदलायची, ती पिशवी कडेवरच्या पोरासारखी धरून. मी म्हणायचे, अगं, शेणखत घाल, पालापाचोळा घाल, तिथली माती सुधारेल की. तेही तिने केलं. पण माती न्यायची काही सोडली नाही.

आणि मग एका चैत्रात तो मोगरा आला. मी माहेरी गेलेले, म्हणून माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. सकाळी आई परडी घेऊन मागच्या दारी निघाली. इतक्या दिवसांनी घरचा मोगरा देवाला मिळणार, म्हणून चेहरा उजळलेला. शालन जाऊन झाडापुढे उभी राहिली.

"आई, आज नको."

"आज नको म्हंजे? उद्या काय देव दुसरा येणार हाय?"

"उद्यापण नको. हा झाडावर राहू दे."

"देवाला नाय, तर मग कुणाला गो?"

"देवालाच," शालन म्हणाली. "झाडावरचं त्याला दिसत नाही का?"

नवी सून, सासूपुढे असं बोलते! मी तर पाटावरून उठलेच. आई परडी तिथेच आपटून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. शालनही जेवली नाही. मधू बिचारा दोघींच्या मध्ये चटणी-भाकर घेऊन बसलेला. मी तिला विहिरीवर गाठलं आणि चांगलं झाडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्स, तुम्ही आमचं घर पाहिलंत. दारात मोगऱ्याची किती झाडं होती! पण सांगू? मोगरा झाडावर फुलतो हे मला न्हाती-धुती होईस्तोवर माहीतच नव्हतं. कळी टपोरी झाली की दुपारीच तोडायची. फुलली तर गजऱ्याला उपयोग नाही, आई मारायची. मला वाटायचं, मोगरा बायकांच्या डोक्यातच फुलतो." ती हसली नाही हे सांगताना. "मला एकदा तरी बघायचा होता हो. आता बघितला. आता मी नाही तोडू देणार." माझ्याच डोक्यात तिच्या आईकडून आणलेला कालचा गजरा होता.

पण शालन नुसती हट्ट करून बसणाऱ्यातली नव्हती. सासूचा देव उपाशी ठेवायचा नाही हेही तिने मनात घेतलं होतं. पंधरवडाभराने तिने मधूला पटवलं आणि देवघराच्या मागच्या भिंतीला भोक पाडून खिडकी बसवली. आईने कपाळावर हात मारला, "देवाला आता वारा हवा?" शालन म्हणाली, "वारा नाही, नजर." देव्हारा थोडा वळवला, आणि समोर सगळी बाग. मोगरा, अनंत, कुंपणाशी मधुमालती, कोपऱ्यात ती लाल जास्वंद. मग बाजारातून फुलं येऊ लागली, आई ती वाहायची, धुसफुसायची. पण मी पाहिलंय, पूजा झाली की पूर्वी लगेच उठणारी आमची आई आता खिडकीतून बघत बसून राहायची. विचारलं तर म्हणायची, "गुडघं धरलंत गो." बरं, धरले असतील.

पुढे आईने अंथरूण धरलं तेव्हा तिची खाट शालनने त्याच खिडकीशी लावली. आईची सगळी शक्ती गेली होती, आवाज तेवढा उरला होता. आमच्याकडे पहाटे फिरायला निघणारी माणसं असतात ना, हातात पिशवी, लोकांच्या कुंपणात हात घालून पुण्य गोळा करणारी… त्यातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचा हात अनंताच्या फांदीला लागला मात्र, खिडकीतून आईचा आवाज, "हात लाव बघू! लाव! मोडून ठेवीन!" ते गृहस्थ असे पळाले की चप्पल कुंपणात. मी हसून हसून बेजार झाले, आणि शालन मात्र खाटेशी जाऊन आईच्या पायाशी बसली होती, पाय दाबत. आईने तोंड भिंतीकडे केलं होतं. डोळे ओले आहेत हे सुनेला दिसू नये, एवढा सासूपणा तिच्यात शेवटपर्यंत शिल्लक होता.

माझं आणि तिचं भांडण मात्र मिटलं नाही. मिटावं असं दोघींनाही वाटत नसावं. दर चैत्रात मी माहेरपणाला जाणार, आणि दर चैत्रात ते निघणार. एकदा ती कारखान्यात आहे असं बघून मी मोगऱ्याच्या चार कळ्या खुडल्या आणि अंबाड्यात खोवल्या. वास कुठे लपतो का? तिने मान वर न करता ओळखलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग स्वतः पेणला जाऊन माझ्यासाठी गजरा घेऊन आली, चांगला भरगच्च. मी लगेच पकडलं, "काय गं? हा काय झाडाने आपणहून दिला? कुणीतरी तोडलाच ना?" "तोडला," म्हणाली. "पण तो विकणारीची चूल त्यावर पेटते, वन्स. माझी नाही पेटत. मग मी कशाला तोडू?" आणि स्वतःच्या हाताने माझ्या केसात माळला. गजरेवालीकडून गजरा घेतल्याशिवाय ती कधी पेणच्या बाजारातून परतली नाही. स्वतः माळत नसे, आणायची आणि कारखान्यातल्या बायकांना वाटून टाकायची. पण बागेला हात नाही म्हणजे नाही.

फुलं न तोडता त्यांचं करायचं काय, तर बघायची. हे तिचं उत्तर ऐकायला किती सोपं! पण तिने ते काम म्हणून केलं. चैत्र-वैशाखात कारखान्यात मरणाचं काम, साच्यातून मूर्ती निघतात, वाळतात, घासून गुळगुळीत करायच्या. धुळीने बायकांच्या पापण्या पांढऱ्या होतात. चार वाजता शालन सगळ्यांना मागच्या दारी बाहेर काढायची. चहा तिथेच. "हात धुवा, डोळे धुवा, आणि गप बसून बघा." गप बसा हे खास माझ्यासाठी असायचं, मी तिथे असले तर. पहिल्यांदा बायका हसायच्या, एकमेकींना कोपरं मारायच्या. पुढे त्याच सांगायला लागल्या, आज अनंताचं फूल पिवळं पडलं, काल पांढरंशुभ्र होतं. मोगरा जुना झाला की त्याच्या कडेला गुलाबी छटा येते, पाहिलंत का वहिनी? शालन गणपतीच्या पीतांबराचा रंग करायची. ब्रश हातात घेऊन सोनचाफ्याखाली उभी राहायची, आत जायची, रंगात थोडं काहीतरी घालायची, पुन्हा बाहेर यायची. मधू करवादायचा, "अगो, गिऱ्हाईक काय चाफा बघायला येणार हाय?" पण गिऱ्हाईकं पीतांबरावर हात ठेवून म्हणायची, हाच पिवळा द्या. सोनचाफ्याचं झाड तेवढ्यासाठी दाखवायला मधूच पुढे असायचा!

तर अशी ती बाग, आणि अशी मी त्या गाडीतून उतरले. अंगणात माणसं जमली होती. मधू पायरीवर बसला होता, गुडघ्यात मान घालून. मी त्याच्याजवळही थांबले नाही, सरळ मागच्या दारी गेले. शेजारची पारूबाई हातात सूप घेऊन मोगऱ्याशी वाकलेलीच होती. बाई सोन्यासारखी, शालनच्या आजारपणात रोज पेज घेऊन यायची.

"पारू, हात मागे घे."

ती दचकली. "अगो अक्का, सवाष्ण गेली, येवढी फुलं हायत घरची… अंगावर घालूया ना. बाजारातनं आणायची काय?"

"बाजारातनंच आणायची."

"तिची हायत तिलाच घालायची. त्यात काय पाप हाय?"

पाप नव्हतंच त्यात. मला विचाराल तर पारूचंच बरोबर होतं. माझ्या मनात असतं तर मी सगळी बाग खुडून तिच्या अंगावर ओतली असती, पायाचं नखसुद्धा दिसलं नसतं. इतकी माया होती माझी तिच्यावर, आता सांगते, तिला कधी सांगितली नाही. पण मी पदर खोचून त्या वाफ्यापुढे उभी राहिले. आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी समजावलं, कुणी रागावलं, एक जण म्हणाली, "तुम्ही नणंद, तुमचं काय जातंय?" मी म्हटलं, "माझंच जातंय." भाच्याला पेणला पिटाळला. सांगितलं, बाजारात बसतात त्या सगळ्या बायकांकडून मिळतील तेवढे गजरे उचलून आण, एकीचीही पाटी भरलेली ठेवू नकोस. तो आणेपर्यंत तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अंबाडा मी घातला. केस राहिले नव्हते फारसे…

आणि तेवढ्यात मधू आला. बायका त्याला वाट देत बाजूला झाल्या. त्याचे डोळे रडून सुजले होते. मला म्हणाला, "अक्का, एकच. अनंताचं एक फूल. मी माझ्या हातानं घालतो. सगळ्या जन्मात मागितलं नाय गो मी कधी."

बायका माझ्याकडे बघत होत्या. पारूला मी ठणकावलं होतं, आलेल्या-गेलेल्यांना ठणकावलं होतं, पण हा माझा भाऊ. लहानपणी मी ह्याला कडेवर घेऊन शेताच्या बांधावरून फिरवलंय. त्याचं मागणं तरी काय, तिच्याच बागेतलं एक फूल. मग मी शालनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मळवटाखाली कपाळावरची आठी कशी मोडली होती, काळजी संपल्यासारखी. ती निर्धास्त गेली होती, माझ्या भरवशावर.

"नाही, मधू," म्हटलं.

तो वळला आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसला. तो तिथे कसा बसला ते मला अजून दिसतं. तिला नेलं ते बाजारच्या गजऱ्यांनी मढवून. खांदेकरी अंगणाबाहेर पडले तेव्हा मागे कुजबुज माझ्या कानावर आलीच, ऐकू यावी अशाच बेताची होती. "बागेची येवढी मिजास, आन् मेल्यावर आंगावर घरचं एक फूल नाय." "नणंदेनं दावा साधला." साधला तर साधला. माझी पाठ रुंद आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी रोह्याला परतणार होते, पण पाय निघेना. मधू माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हता. कारखान्यात जायचा, साच्यांपुढे बसायचा, परत यायचा. मागच्या दारी मात्र पाऊल टाकत नव्हता. आणि बाग… काय सांगू, त्या वर्षी बागेने कहर केला. पाडवा झाला आणि मोगरा असा उठला की पानं दिसेनात. कुणी तोडणारं नाही, कुणी बघणारं नाही. चार वाजले की बायका चहाचे कप घेऊन दारापर्यंत यायच्या आणि मधूकडे बघून मागे फिरायच्या. शेवटी एक दिवस मीच त्यांना दामटलं, "चला गं, बाहेर! हात धुवा, डोळे धुवा." आणि मी, जिला दोन मिनिटं गप बसता येत नाही, त्या वाफ्याशी बसून राहिले. एक कळी डोळ्यांदेखत सैल झाली. हलली असं दिसत नाही, पण मघाशी मिटलेली होती आणि आता नाही. इतका मोगरा मी जन्मभर हाताळला, आणि हे कधी पाहिलं नव्हतं. तरी सांगते, उद्या रोह्याला गेले की माझ्या देवाला मी फुलं तोडूनच वाहणार आहे. या वयात मला कोण बदलणार? पण तिथे बसून मी रडले, तिच्या नावाने, तिच्या हट्टाच्या नावाने. जे त्या दिवशी फोनवर आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मान वर केली तर मधू दारात उभा होता. उंबऱ्यापलीकडे आला, माझ्या शेजारी बसला. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. चैत्रातलं हळदीकुंकू, गावात घरोघर गौर बसलेली. सकाळी गावातले एक वडीलधारे गृहस्थ मोठी परडी घेऊन कुंपणाशी आले. माणूस मानाचा, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. "मधू, गौरीला फुलं न्यायची हायत. आता काय, घरात कोण नको म्हणणारं राहिलं नाय," असं म्हणून त्यांनी फाटकाच्या कडीला हातही घातला. मी आत ओटीचे गहू निवडत होते. परात बाजूला सारून उठलेच, म्हटलं आता पुन्हा आपली पाळी. पण माझ्या आधी मधू फाटकाशी गेला होता. अंगावर प्लास्टरची धूळ तशीच. त्याने कडीवरचा त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"नाय काका, माफ करा. लागलेलं फूल तोडत नाय आमच्यात."

"आमच्यात?" ते हसायलाच लागले. "अरं, तुझी आई परडी घेऊन गावभर फिरायची फुलांसाठी, मी काय बघितली नाय? तुमच्यात कधीपासनं आलं हे?"

"पयल्यापासनं," मधू म्हणाला.

ते माझ्याकडे वळले. घरातलं मोठं माणूस मी, जुनं सगळं मला ठाऊक. आता ही तरी खरं बोलेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मधूनेही माझ्याकडे पाहिलं. तिला नेल्यापासून तो पहिल्यांदाच माझ्याकडे असा नजर देऊन बघत होता.

"व्हय," मी म्हटलं. "पहिल्यापासून. आमच्यात नाही तोडत."